एक दहाचं बंद-चालू

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात औषधांची बिलं करणारा एक जुना प्रोग्राम आहे. दुपारपर्यंत तो दमतो. म्हणून रोज एक वाजून दहा मिनिटांनी, सगळे डबे उघडून बसले की, तो ज्यांवर चालतो त्या सर्व्हरवरच्या तीन सर्व्हिस क्रमाने बंद करायच्या आणि उलट्या क्रमाने चालू करायच्या, हे काम सहा वर्षं माझ्याकडे होतं. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, तरी दुसरं कोणी शिकायला तयार नव्हतं.

बंद आणि चालू यांच्या मध्ये मी आईला फोन करायचे. आई वाकोल्याला एकटी राहते. तिला शुगर आहे, दुपारी जेवणाबरोबर गोळी घ्यावी लागते, आणि कोणी बसवल्याशिवाय ती जेवायला बसत नाही. मी फोनवर 'मशीन बंद झालं' म्हटलं की ती वाढून घ्यायची, गोळी घ्यायची, घास खाताखाता शेजारणीच्या सुनेला नावं ठेवायची. तिचं ताक पिऊन झालं की मी सर्व्हिस चालू करायचे.

गेल्या वर्षी हे काम आपोआप व्हावं म्हणून शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर आलं. ते बसवायला आलेल्या गृहस्थांनी माझ्या जुन्या नोंदी चाळल्या.

"मॅडम, बंद एक दहाला, चालू दीडला. मधली वीस मिनिटं काय करता?"

"आईशी बोलते."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. वीस मिनिटं काढून टाकली. पहिल्याच दिवशी प्रोग्राम चालू होईना. बंद झाल्यावरही धरून ठेवलेल्या फायली सोडायला त्याला तेवढा वेळ लागतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वीस मिनिटं परत घातली आणि म्हणाले, "तुमची पद्धत बरोबर होती." मी गंभीरपणे मान डोलावली.

मग सगळं सुरळीत चाललं. माझे हात रिकामे दिसले तसं साहेबांनी मला डबा खाताखाता होणाऱ्या एक वाजताच्या मीटिंगला बसवलं. आईला मी संध्याकाळी फोन करू लागले. दुपारी जेवलीस का? जेवले. गोळी? घेतली. मी लगेच विश्वास ठेवायचे, कारण ते सोयीचं होतं.

तिसऱ्या रविवारी वाकोल्याला गेले आणि औषधांचा डबा उघडला. दुपारच्या गोळ्या मी भरून ठेवल्या होत्या तेवढ्याच होत्या. मी चिडले, चांगलीच चिडले.

"खोटं कशाला बोललीस?"

"वरडा नको गो," आई म्हणाली. "तुजो फोन इलो नाय. माका वाटला, मशीन अजून बंद जावक नाय. वाट बघत बसलंय. मगे चार वाजले, चाय पिलंय."

"रोज?"

"तुजा मशीन रोजच बंद जाता मां?"

मला स्वतःची लाज वाटली. तिच्यावर ओरडल्याची जास्त वाटली.

सोमवारी साहेबांना सांगितलं की एक दहाला मला सर्व्हरपाशी थांबावं लागेल. का, ते त्यांनी विचारलं नाही. सर्व्हरबद्दल ते काहीच विचारत नाहीत. स्क्रीनवर तिन्ही सर्व्हिस आपल्या आपण बंद झाल्या आणि मी आईचा नंबर लावला. पहिल्या रिंगलाच तिने फोन उचलला.

"बंद झाला?" आईने विचारलं.

"झालं. वाढून घे."