उपरण्याखालचे काळे हात

वेदगंगेच्या ज्या काठावर आमचे घर आणि माझी लहानशी पाठशाळा होती, त्याच्या समोरच्या काठावर महादेवाचे देऊळ होते. पूजा आमच्या घराण्याकडे असल्यामुळे नदी ओलांडल्यावाचून माझा दिवस जात नसे. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जाता येई. एरवी नावेवाचून गत्यंतर नव्हते. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने, मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला म्हणून, आपली इंजिनाची नाव देवाला अर्पण केली. तोवर ती त्याची तंबाखूची पोती वाहत असे. त्या वेळी पहिले महायुद्ध संपून बरीच वर्षे लोटली होती आणि दुसऱ्याची कुणाला कल्पनाही नव्हती.

नाव देवाची झाली, पण इंजिनाची काळजी घेणारा मिस्त्री बेळगावचा होता आणि तो त्याच्या सवडीने येई. आमचा नावाडी बांबूचा आणि वल्ह्याचा माणूस. इंजिनाला तो भीत असे. "ह्यात कोण बसलंय आण्णा, ते आधी सांगा. मग मी हात लावतो," असे तो म्हणे. इंजिन बंद पडले की पलीकडे देव पारोसा राही. अशा एका दिवशी उपवास घडल्यानंतर मी मिस्त्रीच्या शेजारी बसून त्याचे काम पाहू लागलो. पुढे तो येईनासा झाला तेव्हा मीच ते काम करू लागलो.

माझी रीत माझ्या शिक्षणातून आली. वेदपठणात पदे एका क्रमाने म्हणायची आणि त्याच क्रमाने उलट फिरायचे, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. इंजिनही मी तसेच उलगडत असे. पुढ्यात पत्रावळ मांडून, मिठाच्या जागी प्लग, लिंबाच्या जागी त्याचे तांब्याचे कडे, चटणीच्या जागी स्प्रिंग, भाताच्या जागी रॉकेल गाळून घेणारी तेलाची वाटी, असे सगळे भाग वाढून ठेवायचे आणि वाढल्याच्या उलट क्रमाने परत बसवायचे. एकही स्क्रू कधी उरला नाही. प्लगच्या दोन टोकांत किती फट हवी, ते मी जुन्या पोथीच्या कोऱ्या मलपृष्ठाच्या घड्या घालून मोजत असे. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची टोके मऊ फडक्याने पुसायची, टाकीच्या तळाशी साचलेला गाळ काढायचा, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याभोवती तेलात भिजवलेली सुती दोरी घट्ट बसवायची. हे सारे करताना माझे मन जपाला बसावे तसे स्थिर होई. हे मी कुणाजवळ बोललो नाही. यंत्राच्या घाणीत हात घातल्यावर मिळणारे समाधान देवपूजेच्या समाधानाशेजारी ठेवायला मला संकोच वाटे.

संकोचाचे दुसरे कारण उघड होते. हात काळे होत. राख, शिकेकाई, रिठे, चिंच, सगळे करून पाहिले. पूजेपुरते तळवे स्वच्छ होत, पण नखांच्या कडांना आणि बोटांच्या पेरांवर काळ्या रेषा राहून जात. मी हात उपरण्याखाली ठेवण्याची सवय लावून घेतली. माझ्या धोतरावरचे डाग माझी मुलगी चुना लावून काढी. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट एकदा शेजारणीला सांगताना मी तिला ऐकले, "नाव आज कशी सुरळीत वाजतेय बघा. बाबांनी काल नीट केली." तिच्या आवाजात अभिमान होता, आणि तो ऐकून मी दाराआड उभा राहून कानकोंडा झालो.

त्या मुलीचे लग्न ठरले. स्थळ बेळगावचे, घराणे विद्वान, आचारनिष्ठ. मध्यस्थाने त्यांना सांगितले होते की मुलीचे वडील पाठशाळा चालवतात, शास्त्री आहेत, देवळाची पूजा करतात. ते खरेच होते. इंजिनाची गोष्ट त्याने सांगितली नव्हती आणि मीही सांगितली नाही. मुलगी पाहायला ते आले तेव्हा मी सगळा वेळ हात झाकून बसलो. लग्न पार पडेपर्यंत व्याह्यांच्या दृष्टीस माझे हात पडू नयेत, एवढीच माझी त्या दिवसांतली इच्छा होती. मोडलेली सोयरीक मुलीच्या नावावर किती वर्षे राहते, हे आमच्या भागात सांगावे लागत नाही.

वऱ्हाड पलीकडच्या काठाने येणार होते. आमच्या गावाची सीमा म्हणजे नदीच. म्हणून आमच्याकडचे सीमांतपूजन घाटावर होई: मुलीच्या वडिलांनी स्वतः पलीकडे जायचे, वऱ्हाडाला नावेतून आणायचे आणि घाटावर उतरताच वराचे पाय धुऊन पूजा करायची. दिवस मार्गशीर्षाचे होते, नदी शांत पण डोहात अजून खोल. मी चार दिवस आधीच इंजिन पूर्ण उलगडून साफ केले, म्हणजे लग्नाच्या वेळी हात उजळलेले असतील. नावाड्यालाही बजावून ठेवले.

"त्या दिवशी काही झालं तरी मला हाक मारायची नाही."

"आन् बंद पडलं तर वो?"

"पडणार नाही."

"न्हाय पडायचं," तो हसून म्हणाला, "तुमी केलंय म्हटल्यावर न्हाय पडायचं. पर पडलं तर?"

मी उपरणे सावरून घराकडे वळलो.

सीमांतपूजनाच्या दुपारी आमच्या घरच्या बायकांनी नाव सजवली. आंब्याचे टहाळे, झेंडूच्या माळा. लग्नाच्या कामाला निघणाऱ्या बैलगाडीपुढे नारळ फोडतात, तसा नावेपुढेही फोडावा असे सगळ्यांना वाटले, आणि मलाही ते योग्य वाटले. मी डोळे मिटून मंत्र म्हणू लागलो. माझ्या मेहुण्याने, म्हणजे मुलीच्या मामाने, नारळ फोडायला नावेतला सर्वांत कठीण भाग शोधला. तो भाग म्हणजे इंजिनाच्या रॉकेलाच्या टाकीचे तोंड. झाकणाला हवा जाण्यासाठी एक छिद्र होते. नारळाचे पाणी टाकीवरून खळखळत गेले, हळदकुंकू लागले, सर्वांनी नमस्कार केला. मी डोळे उघडले तेव्हा मला फक्त दोन शुभ्र भकले दिसली, आणि ती शुभ लक्षण म्हणून मी समाधान पावलो.

मेहुणाही माझ्याबरोबर नावेत आला. पलीकडे जाताना इंजिन नीट चालले. वऱ्हाड बसले: वर, त्याचे वडील, आत्या आणि घरची इतर मंडळी. व्याही गंभीर, कमी बोलणारे गृहस्थ होते. मी त्यांच्यासमोर बसलो. हात अर्थातच उपरण्याखाली. नदीच्या मध्यावर इंजिनाचा एक ठोका चुकला. मग दोन चुकले. एक उचकी, आणि सगळे शांत झाले.

बांबू तळाला पोचत नव्हता, आणि या जड नावेला वल्ही नव्हती. नाव हळूहळू घाट सोडून खाली वाहू लागली. घाटावर वाजंत्री आधीपासून वाजवत होते. नाव पुढे सरकताना पाहून तेही सनई-संबळ वाजवत काठाकाठाने आमच्याबरोबर चालू लागले. त्यांच्यामागे आरतीचे तबक घेऊन सुवासिनी.

आत्याबाईंनी त्या मिरवणुकीकडे पाहिले आणि विचारले, "गाव पाठीमागे गेलं ना हो? की आम्हाला समुद्रापर्यंत न्यायचं आहे?"

नावाड्याने हँडल फिरवले. इंजिन खोकले, बसले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याकडे पाहिले. त्याने पुन्हा हँडल फिरवले, घाम पुसला, पुन्हा माझ्याकडे पाहिले. दिलेला शब्द त्याने बराच वेळ पाळला. शेवटी सूर्य टेकडीला लागलेला पाहून म्हणाला, "आण्णा, माझी जीभ झडली तरी चालंल. पर मुहूर्त चाललाय वो. तुमीच बघा आता."

सगळी नाव माझ्याकडे पाहू लागली.

मी उठलो. उपरणे काढून बाजूला ठेवले, ते कुठे ठेवावे हे न कळून आधी खांद्यावर, मग फळीवर. तेलाची वाटी सोडवली. तिच्यातून रॉकेलाखाली साठलेले पाणी निघाले, आणि त्यात नारळाच्या शेंडीचा एक धागा. बोटाला गोडसर चिकटपणा लागला. कारण उमगले, ते उच्चारणे शक्य नव्हते. मेहुणा माझ्या शेजारीच उभा होता. वाटी पुसली, प्लग काढून कोरडा केला, टाकीच्या तळाचे तेल थोडे सोडून दिले. पत्रावळ नव्हती; भाग मी नेसत्या रेशमी धोतरावर मांडले. माझे हात काम विसरले नव्हते, याचे मला त्या क्षणीही वाईट वाटले. ते जरा अडखळते, तर हा प्रसंग योगायोगाने ओढवला असे तरी दिसले असते.

इंजिन लागले. आत्याबाई म्हणाल्या, "मुलीचे वडील शास्त्री म्हणून सांगितलं होतं आम्हाला."

"शास्त्रीच आहेत ते," मेहुणा म्हणाला.

"मग हे कोणतं शास्त्र म्हणायचं?"

व्याह्यांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले.

घाटावर मी चिखलमातीने हात घासले. काही उपयोग नव्हता. मी मेहुण्याला पुढे करून म्हणालो, "वराचे पाय यांनी धुवावेत. मामाचाही मान असतो."

"आधी वडिलांचा," व्याही म्हणाले. "तुम्हीच धुवा." आवाज सौम्य होता. त्यात राग असता तर मला सोपे गेले असते.

मी पाटावरच्या वरापुढे बसलो आणि त्याचे पाय हातात घेतले. पाणी घातले तसे त्याच्या गोऱ्या टाचेवर एक काळा ओघळ आला. मी तो पुसायला गेलो, तो पसरला. मुलगा खाली वाकून, फक्त मला ऐकू यावे इतक्या हळू आवाजात म्हणाला, "पाणी शिरलं होतं का टाकीत?"

त्याने आस्थेने विचारले होते. आणि मी, माझ्या बोटांचा काळा ठसा त्याच्या पायावर उमटलेला असताना, नावभर लोकांनी मला इंजिन उघडताना पाहिलेले असताना, मान न वर करता म्हणालो, "मला त्यातलं काही कळत नाही."

त्याने दुसरा पाय पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या हळदीची उरलेली वाटी तिच्या आईबरोबर माझ्याकडे आली. "तिनं सांगितलंय, हातांना लावा म्हणून," पत्नी म्हणाली. मी कोपरापर्यंत हळद लावली. काळ्यावर पिवळे चढले. कन्यादानाच्या वेळी काशाच्या पात्रात उदक सोडताना ते हात सर्वांसमोर होते आणि कुणालाही काही दिसले नाही. लग्न लागले. सोयरीक जोडली गेली. मला सुटल्यासारखे वाटले, आणि हे सुटणे मुलीने स्वतःच्या हळदीतून मला दिले, हे मनात आल्याबरोबर ते वाटणेही टिकले नाही.

वऱ्हाड परत निघाले तेव्हा नाव चालू होईना. रात्रीतून टाकीतले उरलेसुरले पाणी पुन्हा तळाशी उतरले असणार. या वेळी नावाड्याने मला हाक मारली नाही. हँडल सोडून तो नुसता उभा राहिला. मी कन्यादानाच्या वस्त्रांनिशी खाली वाकलो. हळदीवर पुन्हा काळे आले आणि दोन्ही मिळून शेवाळासारखा रंग झाला. इंजिन लागले तेव्हा मुलगी घाटाच्या शेवटच्या पायरीवर नमस्काराला आली.

ती माझ्या पायांवर वाकली. नवा शालू, केसांत शेवंतीची वेणी. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, ही वडिलांची रीत. मी हात पाठीमागे नेले. ओठांनी आशीर्वादाचा मंत्र म्हटला, पूर्ण, शुद्ध. ती वाकलेलीच राहिली. मंत्र संपला हे तिला कळले होते. लहानपणापासून माझ्या पाठशाळेच्या भिंतीला कान लावून तिने तो कितीदा ऐकला होता. ती हाताची वाट पाहत होती. आत्याबाई नावेतून म्हणाल्या, "चला, उशीर होतोय." ती उठली, तिने माझ्याकडे पाहिले आणि नावेत जाऊन बसली.

पुढे ती सासरी सुखात राहिली. जावई आला की नावेपाशी रेंगाळे. एकदा त्याने मॅग्नेटो उघडून दाखवाल का म्हणून विचारले, आणि मी दाखवला. त्या घाटावरच्या माझ्या उत्तराचा उल्लेख त्याने कधी केला नाही. मुलीने त्या नमस्काराचा केला नाही. माहेरी येई तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवत असे, धुतलेला, पुसलेला. तो तिच्या केसांवर टेकताना दर वेळी मला जड वाटे.

पाठवणीच्या त्या दिवशी नाव मध्यावर पोचली तेव्हा घाटावर सगळे रडत होते. माझी पत्नी पायरीवर बसली होती. मी उभा राहून ऐकत होतो. इंजिनाचा एक ठोका किंचित उशिरा पडत होता. प्लगची फट पोथीच्या एका घडीएवढी कमी करायला हवी, असे माझ्या मनात आले. मुलगी पलीकडे उतरेपर्यंत मी तेच ऐकत राहिलो.