हार फेकला, तेवढंच दाखवलं

गेल्या सोमवारी सकाळी, बिबवेवाडीच्या माझ्या दुकानात चहा पिता पिता मी इथे एक व्हिडिओ शेअर केला होता. कसबा पेठेतली एक हारवाली गिऱ्हाइकाच्या अंगावर हार भिरकावते... जेमतेम वीस सेकंदांचा.

वर माझा शहाणपणा, 'हार हवा असेल तर हेल्मेट घालून जा.' तुम्ही भरपूर हसलात. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दोन दिवसांनी तोच व्हिडिओ फिरत फिरत माझ्याकडे आला, माझ्याच ओळीसकट. या वेळी दुकानात शांतता होती, म्हणून मागचा आवाज कानावर आला... पिठाच्या गिरणीची मोटर. जळालेल्या मोटरी पुन्हा भरण्यात, रिवाइंडिंगमध्ये, आयुष्य गेलं, माणसांआधी मला मोटर ऐकू येते.

मोटर बंद केली की आवाज हळूहळू उतरत जातो. इथे मोटर पूर्ण जोरात, आणि बाई हार उचलते तिथे एकदम काहीच नाही. म्हणजे मधला तुकडा कापलेला!

कसबा पेठेतली ती गिरणी ओळखीची, मोटर मीच भरून दिलेली. गेलो. गिरणीवाले काका अंगावरचं पीठ झटकत म्हणाले, "अहो, आधी त्यानं तिची फुलांची पाटी लाथेनं उडवली. भाव कमी केला नाही म्हणून. आरडाओरडा ऐकून मीच मोटर बंद केली."

"मग कुणाला बोलला नाहीत?"

"तुम्ही टाकायच्या आधी विचारलंत?"



समोरच त्या हारवाल्या सुमनमावशी हार ओवत होत्या, पदर नाकापर्यंत ओढून. येणारे-जाणारे मोबाइल काढतात म्हणून. गल्लीतल्या दुकानांनी त्यांच्याकडचे रोजचे हारही बंद केलेत, काका म्हणाले.

मी काय लिहिलं ते मावशींना सांगितलं, हात जोडले. त्यांची सुई थांबली नाही. "मला एकटीला इथं सांगून काय उपयोग? तिथं बोललात ना? तिथंच सांगा."

निघालो, तर मागून हाक आली. "आणि हार मी फेकलाय. तेही लिहा. लपवू नका."

जुनी पोस्ट मी काढून टाकली. पण ती तुमच्या ग्रुपवर आहे, सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या... तिथे माझा हात पोचत नाही. ज्यांनी ती पुढे पाठवली, त्यांनी कृपा करून हेही तिथेच पाठवा, आणि तो व्हिडिओ काढून टाका. चेहरा दाखवू का, असं त्या बाईंना कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

मावशी, तुम्ही सांगितलंत तसं लिहिलंय. हार तुम्हीच फेकलात. त्याआधी तुमची फुलं रस्त्यावर सांडली होती.