मोटारीच्या बॅटरीवर घरचा रेडिओ

आमच्या गावात विजेचे खांब आले आणि तारा यायच्या राहिल्या. दोन वर्षं त्या खांबांना आम्ही म्हशी बांधल्या. अशा गावात माझ्या धाकट्या दिरांनी नागपूरहून विजेवर चालणारा रेडिओ पाठवला. त्यांना वाटलं, एव्हाना वीज आली असेल. शेतीखात्यात होते ते. खतांवर बोलायला त्यांना रेडिओवर बोलावलं होतं. पत्रात वार, वेळ, सगळं लिहिलेलं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांची नजर गेलेली, खाटेवरून उठणंही बंद, आणि हा लेक तीन वर्षांत घरी फिरकला नव्हता. "त्याचा आवाज तरी आयकू दे मले," एवढंच त्यांचं मागणं. आता ग्रामपंचायतीत सेलवर चालणारा रेडिओ होता. चार माणसांनी खाट उचलली असती की काम झालं असतं. पण माझं तोंड! मी बोलून बसले, "काऊन तिकडं जाता आत्याबाई? घरीच आयकवते तुम्हाले."

माहेरी, मोताळ्याला, भावाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या शेजारी बसून मी जे पाहिलं तेवढंच माझं शिक्षण. त्याच्याकडून एक जुना ट्रान्सफॉर्मर आणलेला होता, घरातली मोठी वीज घेऊन लहान करणारा. मी म्हटलं, उलटा जोडला की लहानीची मोठी होईल. ज्या पायरीनं माणूस उतरतो, तिनंच चढतो की नाही? एका ठेकेदाराच्या जीपची जुनी बॅटरी मागून आणली, जोडली. काही नाही! भावाला कळवलं, तर त्याचं कार्ड आलं: बाई, बॅटरीची वीज एका जागी उभी असते, तिला सारखं थांबवत-सोडत राहा, मग ट्रान्सफॉर्मर तिला ओळखेल. सोबत मधे जोडायला दाराची विजेची घंटी पाठवली. तिची पट्टी थरथरली की वीज क्षणात तुटते, क्षणात जुळते. हल्ली दुकानात इन्व्हर्टर मिळतो ना, त्याची ही आमची गावठी आजी.

या प्रयोगांत बॅटरी पार रिकामी झाली. भाषणाच्या आदल्या दिवशी आमचे हे सायकलवर दुसरबीडला निघाले होते. मी चुलीपासून ओरडले, "बॅटरी भरून आना बरं!" बॅटरी खाटेखाली होती. यांनी खुंटीवरची घेतली, अंधारात शेतात न्यायची. संध्याकाळी आले ते तिचा झोत माझ्या तोंडावर मारतच. "घे, तीन नवे सेल भरून आनले."

"अवो, मोटारीची म्हटली होती मी!"

"तू बॅटरी म्हनली, मी बॅटरी आनली. मोटार कुठं म्हनली तू?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच गेले बिचारे, ते धूड कॅरिअरला बांधून. गॅरेजात दिवसभर चार्जिंगला लावून परतले, तेव्हा भाषणाला पाव तास उरला होता. गल्ली गोळा झालेली. मी तारा जोडल्या. घंटीच्या पट्टीवर निळ्या ठिणग्या उडाल्या, रेडिओतले दिवे हळूहळू लाल झाले. मी गल्लीकडं असं पाहिलं, जशी काही वीज मीच शोधली. आणि रेडिओ बोलला: भर्रर्रर्र!

त्या ठिणग्यांचाच आवाज रेडिओत शिरत होता. ज्या घंटीमुळं रेडिओ चालला, तिनंच त्याचं तोंड दाबलं. शेजारीण म्हणाली, "लेक बोलून राह्यला का गिरनी चालून राह्यली व?"

चिडून मी घंटीच्या पट्टीवर बोट दाबलं. भर्रर्र थांबली, आणि रेडिओ विझता विझता एका श्वासापुरते दीर स्वच्छ बोलले, "...शेणखत चांगलं कुजलेलं..." मग गप्प. बोट काढलं की गिरणी, दाबलं की दोन शब्द. मग तसंच केलं. ठिणग्यांनी बोट भाजत होतं, पण मी दाबत-सोडत राहिले. पंधरा मिनिटांच्या भाषणातले वीस-पंचवीस शब्द मिळाले असतील, तेही सगळे खताचे.

भाषण संपलं. मी मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत होते.

"सर्दी झाली त्याले," आत्याबाई म्हणाल्या. "नाकातून बोलून राह्यला. कार्ड लिही. आवाज आला म्हना तुहा. आन् सुंठ घे म्हना."

मी लिहिलं तसं. गिरणीचं मात्र काही कळवलं नाही.