शेवटची ओळ न लिहिणारे सर

आमचे फिजिक्सचे सर गणिताची शेवटची ओळ फळ्यावर कधीच लिहीत नसत. खडू एखाद्या मुलापुढे धरून गप्प उभे राहत. मागून कुणी उत्तर पुटपुटलं की म्हणत, "थांब रे. त्याचं त्याला करू दे. लागू दे येळ." खडू माझ्यापुढे आला की त्या दोन मिनिटांत मला सरांचा भयंकर राग येई.

भूकंपानंतर सर स्लॅबखाली शिकवायला तयार नव्हते. लातुरात क्लासेसच्या इमारती मजल्यावर मजले चढवत गेल्या, आमचा वर्ग मात्र पत्र्याच्या शेडमध्येच राहिला. आम्ही कुरकुरलो की सर म्हणत, "उकडून कुणी दबत न्हाई."

पुढे मी इंजिनिअर झालो, लकवा मारलेल्या हाताला व्यायाम देणारा रोबो बनवू लागलो. आणि लकव्याच्या झटक्यानं सरांचाच उजवा हात गेला. यंत्र घेऊन मी नांदेडहून धावत आलो. धावत कसला, मिरवतच आलो. हात पट्ट्यात बांधायचा, मोटर तो उचलून पुढे नेई आणि पडद्यावर गुण दिसत. दीड महिन्यात सर शंभरपैकी पंच्याण्णववर पोचले. गुणांचं वेड या गावानं मलाही लावलेलंच होतं.

"सर, पास झालात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला घेऊन शेडमध्ये गेले. मुलांसमोर उजव्या हातात खडू धरला. हात खांद्यापर्यंतही गेला नाही. खडू पडून फुटला. मुलं खाली बघत बसली.

घरी येऊन सरांनी हात पुन्हा यंत्रात घातला, मुद्दाम सैल सोडला आणि डोळे मिटले. मोटरनं तो नेऊन आणला. पडद्यावर पंच्याण्णव.

"मी झोपलो तरी हे मला पास करायलंय," सर म्हणाले. "कॉपी हाय ही. माझ्याच वर्गात बसला व्हतास ना तू?"

हात कुठे पोचला ते मी मोजत होतो, कुणी पोचवला ते नाही.

वर्षभर खपून मी यंत्र बदललं. आता ते आधी थांबतं. हात स्वतःहून हलला, तरच उरलेल्यापुरता टेकू देतं. ते घेऊन गेलो तोवर सरांना दुसरा झटका येऊन गेला होता, वाचाही गेली होती.

मी त्यांचा हात पट्ट्यात ठेवला. यंत्र थांबलं. सरांच्या पत्नी हात उचलून द्यायला पुढे आल्या.

"थांबा काकू," मी म्हणालो. "त्यांचं त्यांना करू द्या."

आम्ही बराच वेळ थांबलो. हात हलला नाही. पडद्यावर शून्य आलं. सरांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, वर्गात बरोबर उत्तराला हलवत तशी.