सर्व सुज्ञ नागरिक

सुताला लावायची खळ कुठं शिजत असली, की त्या आंबूस वासानं आजही मला एक जुनी संध्याकाळ आठवते.

तेव्हा सोलापुरात लष्करी कायदा होता. पांढरी टोपी घातली म्हणून पोलीस माणसं धरून नेत होते. मी कचेरीत भाषांतर करणारा कारकून. साऱ्या गावाच्या वतीनं बोलायचं झालं, की इंग्रज साहेबांचे ठरलेले शब्द असत, आणि मी सवयीनं त्यांचं मराठी करी. त्या दिवशी लष्करी कायद्याच्या नव्या हुकुमाचंही केलं: ‘सर्व सुज्ञ नागरिकांनी या हुकुमाचे स्वागत केले आहे.’ लेखणी जराही अडखळली नाही.

संध्याकाळी घरी आलो, तर पोलीस तोच कागद आमच्या गल्लीत चिकटवत होता. त्याचा खळीचा डबा रिकामा झाला म्हणून त्यानं शेजारच्या विणकर अक्कांकडून वाडगाभर खळ घेतली होती. अक्कांचे यजमान टोपीपायीच चार दिवस कोठडीत होते.

“अण्णा, काय लिवलंय? वाचा की,” अक्का म्हणाल्या.

मी कसंबसं वाचलं.

“हे सुज्ञ लोक कोण? आपल्या गल्लीतलं कुणी हाय का त्यात?”

पोलिसाचा हात थांबला. तो माझ्याकडे बघू लागला. मी घाईनं म्हणालो,

“आपण सगळेच, अक्का.”

त्यांनी रिकामा वाडगा उचलला. “मग आमचे मालक आत का हायत?”

पोलिसाची भीती केव्हाच गेली. ते वाक्य लिहिताना लेखणी अडखळली नव्हती, याची लाज मात्र अजून जात नाही.