आईला सांगायचा शब्द

बोर्लीच्या बाजारात अमावस्येच्या, मांसाने भरलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आल्या, की तो खारट, चिखलाचा वास मला आमच्या मागच्या पडवीत नेतो. मी तेव्हा सातवीत होते. आई चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडत होती आणि तिचा दवाखान्यातला रिपोर्ट माझ्या हातात होता, कारण घरात इंग्रजी मलाच येत होतं.

रिपोर्टातला तो शब्द मी शब्दकोशात आधीच शोधला होता. सरळ सांगायचा धीर होईना, म्हणून त्याचा उगम सांगत बसले. "जुन्या ग्रीक वैद्यांना गाठीभोवतीच्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून हे नाव. आकाशातल्या कर्क राशीलाही तेच म्हणतात."

"रास ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "कॅन्सर हाय ना?"

मी मान डोलावली.

"बाबांना जेवण झाल्यावर सांगू. नायतर ताटावरनं उठतील."

तिने पुढची चिंबोरी उचलली. रात्री बाबांनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. तेव्हा मला आईचा राग आला होता. आता कळतं, तिने त्यांना एक निर्धास्त जेवण वाढलं. मला तसं जेवण वाढणं तिच्या हातात नव्हतं. रिपोर्ट मीच वाचला होता.