तेवीस अंगठे आणि नरसक्काचा पाना

नरसक्का जॉबर झाली नाही, कारण तिच्याविरुद्धचा कागद मी लिहिला.

आज सकाळी ती गेली. तिच्या दारात सगळे म्हणत होते, बाई लई चांगली होती. मी घरी आले. आता लिहिते. चौथी शिकलेय, चुका काढत बसू नका.

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट.

सोलापुरात चादरीच्या कारखान्यात आम्ही कांडी खात्यात होतो. कांड्यांवर सूत भरायचं, त्या कांड्या पुढे मागावर जायच्या. खात्यात नरसक्का धरून चोवीस बायका. आणि आमच्या डोक्यावर एक बाप्या, जॉबर.

मशीन बंद पडलं की त्यानेच पाना घेऊन यायचं. रोज गेटवरून कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला परत पाठवायचं, तेही तोच ठरवणार.

तो चहाला गेला की गेलाच. मग नरसक्का पदर खोचायची, त्याचा पाना उचलायची आणि मशीनचा उतरलेला पट्टा चढवायची. कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकली.

"अक्का, हात सापडला म्हंजे?"

"तोंड बंद कर अम्मायी. तिकडं तुझं सूत तुटलंय, ते बघ."

पोरीला तेलुगूत अम्मायी म्हणतात. खात्यात सगळ्यांना ती नावाने हाक मारायची, मला अम्मायी.

जॉबर रिटायर झाला. साहेबांनी अक्काला ऑफिसात बोलावलं. आली ती हसू दाबत.

"कंपनी मला जॉबर करतीय गं. बायकांना चालत असंल तर."

"मग करणार काय पहिलं?"

"गेटवर पोरींनी कुणाची लाडीगोडी करायची न्हाय. जिची पाळी, ती आत. बास."

दुसऱ्या दिवशी अक्का स्टोअरला सूत आणायला गेली, तेवढ्यात क्लार्क कागद घेऊन आला. खात्यात लिहिता येणारी मी एकटी.

म्हणाला, "बाई जॉबर चालंल का न्हाय ते लिही, आणि खाली सगळ्यांचे अंगठे घे."

आता खरं सांगते. लाज वाटली तरी सांगते.

बाप्या जॉबर असला की आमची एक सोय होती. कंटाळा आला, बाजारला जायचं असलं, की पोट धरायचं आणि म्हणायचं, "दादा, पोटात दुखतंय." तो लाजून खाली बघायचा. "जा, जा," म्हणायचा. पुढचं काही विचारायची त्याची हिंमत नव्हती.

कुणीतरी म्हणालं, "अक्का जॉबर झाली तर आपल्या पोटाचं कसं व्हायचं गं?"

दुसरी अक्काचा आवाज काढून म्हणाली, "ए भवाने, मागच्या आठवड्यातच झालं की तुझं!"

आम्ही हसून हसून मशीनवर पडलो.

आणि हसता हसता मी लिहिलं. बाई जॉबर चालणार नाही.

बावीस अंगठे घेतले. तेविसावा माझा. मला सही येत होती, तरी अंगठाच लावला. सही केली असती तर नाव दिसलं असतं ना.

बाप्या नेमताना कंपनीने आम्हाला कधी विचारलं होतं? एकदाही नाही. बाईची पाळी आली तेव्हाच कागद निघाला. साहेबांना नाही म्हणायचं होतं, ते त्यांनी आमच्या हातून म्हणवून घेतलं. हे आज कळतं. तेव्हा आम्ही हसत होतो.

नवीन जॉबर बाहेरून आणला, बाप्याच. त्याच्या घरात चार बहिणी. तो लाजणारा नव्हता.

"पोट दुखतंय? सगळ्यांचं बाजारच्याच दिवशी कसं दुखतं गं?" सगळ्यांदेखत म्हणायचा.

 अक्काने पाना सोडला. पट्टा उतरला की आमच्यासारखी हाताची घडी घालून बसायची.

दीड वर्षाने मला पाचवा महिना होता. कामावर असताना कळ आली. पोट धरून जॉबरकडे गेले.

"दादा, सोडा मला. दुखतंय."

"नाटकं बास. जा मशीनवर."

गेले. उभी राहिले. पायाखाली ओलं झालं तरी उभी होते.

अक्काने ते बघितलं. चालत गेली आणि खात्याचा मेन स्विच खाली ओढला. सगळी मशीनं थांबली. एवढं शांत खातं मी कधी ऐकलं नव्हतं.

"हिला न्हेते मी. आडवा ये, मग सांगते."

तो बाजूला झाला.

बाळ राहिलं नाही.

दवाखान्यात ती माझ्या उशाला बसली होती. म्हणाली, "आज खरं दुखलं व्हय गं अम्मायी?"

मी रडायला लागले. "अक्का, तो कागद..."

"मला वाचता येत न्हाय. पर खात्यात लिहिता कुणाला येतं, ते म्हाईत हाय की. झोप आता."

खातं बंद पाडलं म्हणून कंपनीने तिला कामावरून काढलं. ते पत्रही तिला मीच वाचून दाखवलं.

त्या वेळी कुणी तेवीस बायकांना विचारलं नाही, चालेल का म्हणून.

माझी सून ऑफिसात जाते. परवा म्हणाली, आमच्याकडे एका मॅडमना हेड करायचंय, आधी सगळ्यांना फॉर्मवर विचारतायत, तुम्ही कम्फर्टेबल आहात का.

मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली. म्हटलं, "आधीच्या सरांच्या वेळी विचारलं होतं का?"

ती म्हणाली, "नाही."

"मग तू काय लिहिलंस?"

"अजून काही नाही."

तिला अक्काची गोष्ट सांगायची होती. पुन्हा भाजी चिरायला घेतली. आज हे लिहिलंय, तिने वाचावं.

नरसक्का, आमची जॉबर तूच होतीस. तेव्हा लिहायला पाहिजे होतं, आज लिहिते. आणि आज खाली सही करते, अंगठा नाही.

जा अक्का. इथं लई दुखतंय. खरं दुखतंय.

तुझी अम्मायी,
सुमन